दोनाचे तीन

जाड कापडाचे गठ्ठे पहिल्यांदा उतरले, तेव्हा शिवणखात्यातल्या बायकांना आनंदच झाला होता. एवढी मोठी ऑर्डर म्हणजे बरेच महिने हाताला काम. कारखाना तंबूंचा. एरवी इथे सहलीचे, शाळांचे, बाजारात दुकान मांडणाऱ्यांचे हलके तंबू शिवले जात. हे कापड मात्र डोंगरावरच्या छावण्यांसाठी होतं. मेण पाजलेलं, राखाडी, आणि इतकं जड, की गठ्ठा खांद्यावर घेताना हमालांनी मालकाच्या सगळ्या कुळाचा उद्धार केला.

आनंद पहिल्या पगारापर्यंत टिकला.

जाड कापडाची शिवण चार पदरी. दुमड घालून पायडल दाबलं की मशीन कण्हायचं आणि जोडावर आलं की सुई टक्‌कन तुटायची. तुकडा कुठे उडेल याचा नेम नसे, म्हणून बायका तोंड बाजूला करून शिवायला शिकल्या. ओढून ओढून बोटांची सालं निघाली. चिकटपट्टी गुंडाळावी तर कापड हातातून निसटे. पूर्वी जेवढ्या वेळात तीन तंबू उतरायचे, तेवढ्यात आता दोन उतरत. तंबूमागचा दर मात्र जुनाच, आणि वर तुटलेल्या सुयांचे पैसे पगारातून कापलेले.

“बरंय,” चिमणी म्हणाली, “अजून थोडं मन लावून काम केलं, तर आपणच कारखान्याला देणं लागू.”

चिमणी म्हणजे खिडकीशेजारच्या मशीनवरची. अंगाने मूठभर, पण तोंड सुटलं की आवरत नसे. एरवी तिच्या बोलण्यावर अख्खं खातं खिदळायचं. त्या दिवशी कुणी हसलं नाही. जेवणाच्या सुट्टीत डबे न उघडताच सगळ्या गोळा झाल्या आणि ठरलं. जाड कापडाचे दोन तंबू शिवले की पगारात तीन धरायचे. सुया कारखान्याच्या. हे मान्य होईपर्यंत हलकं कापड शिवायचं, जाडाला हात लावायचा नाही. बोलायला कोण जाणार, हे कुणी विचारलंसुद्धा नाही. माना आपोआप फौजदारीणबाईंकडे वळल्या.

तिचा नवरा काही फौजदार नव्हता. साधा सुतार होता आणि वारून बराच काळ लोटला होता. नाव पडलं ते तिच्या ताठ चालीवरून, आणि गोदामामागे एका पोरीची वाट अडवणाऱ्या ड्रायव्हरला तिने कॉलर धरून फाटकाबाहेर नेऊन सोडलं होतं त्यावरून. आवाज चढवायची तिला सवय नव्हती. ती नुसती समोर येऊन उभी राहायची, आणि ते पुरायचं.

संध्याकाळी कचेरीतून निरोप आला. मालक म्हणत होते, दरबिराचं बोलणं आता नवे मॅनेजर बघतील.

खात्यातली मशीन थांबली. कारण नवे मॅनेजर म्हणजे फौजदारीणबाईंचे जावई.

“चला,” चिमणी कातरी खाली ठेवत म्हणाली, “म्हणजे घरच्या घरातच मिटणार सगळं.”

यातली गंमत अशी, की हा जावई तिने स्वतः निवडला होता. तो स्टोअरमध्ये कारकून होता तेव्हा खिडकीतून दोऱ्याची रिळं द्यायचा. कुणी गोड बोललं म्हणून एक जास्त नाही, कुणी तिरकं बोललं म्हणून एक कमी नाही. माणूस सरळ आहे, हे तिने त्या खिडकीतच ताडलं आणि लेकीपाशी विषय काढला. लग्न झालं, संसार मार्गी लागला. पुढे ती राहायची ती इमारत पाडायला काढली, तेव्हा जावईच म्हणाला, “आई, तुम्ही एकट्या कुठे खोली शोधत फिरणार? आमच्याकडे या.” जावयाच्या घरी कायमचं राहायचं तिच्या जिवावर आलं होतं. पण त्याने ते इतक्या साधेपणाने म्हटलं, की नाही म्हणणं उद्धटपणाचं झालं असतं. आता ती त्यांच्या दोन खोल्यांपैकी स्वयंपाकघरात झोपायची आणि सकाळी सगळ्यांच्या आधी अंथरूण गुंडाळून ठेवायची. त्याला मॅनेजर करून थोडेच दिवस झाले होते. अजून कायम केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आणि चिमणी कचेरीत गेल्या.

“बसा ना, आई,” तो उठून म्हणाला आणि लगेच जीभ चावली.

चिमणीने छताकडे पाहिलं.

“आम्ही उभ्याच बऱ्या, मॅनेजरसाहेब,” फौजदारीणबाई म्हणाल्या आणि बायकांचं म्हणणं मांडलं. त्याने मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग टेबलावरचं पेन सरळ केलं, पुन्हा वाकडं केलं.

“तुमची अडचण मला कळते. पण ऑर्डर घेतली त्या भावात हे बसत नाही. दहाचे अकरा धरू. दहा शिवले की अकरा.”

“जाड कापडाचे दहा?” चिमणी म्हणाली. “तोवर आमची बोटंच नऊ उरतील.”

“आणि सुया?” फौजदारीणबाईंनी विचारलं.

“सुयांचा नियम जुना आहे.” तो कानाची पाळी चोळत होता. दुसऱ्याने तोंडात घातलेलं बोलताना तो तसं करायचा, हे तिला घरी बघून ठाऊक होतं. “हे बघा, मालकांनी दुसऱ्या कारखान्याकडेही विचारणा केली आहे. तिकडे काम गेलं तर मी काही करू शकणार नाही.”

“दुसरीकडे जाड कापडाची मशीन आहेत?”

“ते मला माहीत नाही.”

“मग आम्हीही दोनाचे तीनच म्हणतो,” ती म्हणाली आणि दोघी बाहेर आल्या.

जिन्यात चिमणी तिच्या पुढे जाऊन थांबली. “मॅनेजरसाहेब म्हणालात ते झकास जमलं, फौजदारीणबाई. पण संध्याकाळी त्यांना भात कोण वाढतं?”

“लेक वाढते.”

“आणि तुम्हाला?”

फौजदारीणबाई जिना उतरायला लागल्या. चिमणी वाईट नव्हती. अंथरुणाला खिळलेला बाप भावाकडे होता, त्याच्या औषधांचं ती बघायची. तिच्या जागी आपण असतो तर आपणही हेच विचारलं असतं, हे फौजदारीणबाईंना कळत होतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं.

घरी सासू-जावयांनी न ठरवताच एक नियम पाळला. कारखान्याचा शब्द काढायचा नाही. पण एक शब्द वगळला की बाकीचेही दबकतात. जेवताना इतकी शांतता पसरली की लेक वैतागली. “मीठ समोर आहे, तरी दोघंही माझ्याकडेच मागताय. मी काय मधली दुभाषी आहे?” जावई कसनुसा हसला. फौजदारीणबाईंनी मीठ घेतलं नाही.

जाड कापडाचे गठ्ठे भिंतीशी तसेच पडून होते. ऑर्डरची तारीख जवळ येत होती. मॅनेजर रोज खात्यात चक्कर मारायचा, बंद मशीनकडे बघायचा आणि परत जायचा. बायका खाली मान घालून हलकं कापड शिवायच्या. पण हलकं काम सगळ्यांना पुरण्याइतकं नव्हतं. निम्म्या जणी दुपारीच रिकाम्या व्हायच्या आणि रिकाम्या हातांनी एकमेकींची तोंडं बघायच्या. असं किती दिवस चालणार, हा प्रश्न त्या विचारत नव्हत्या, पण तो प्रत्येकीच्या चेहऱ्यावर दिसत होता.

अशातच एका संध्याकाळी जावयाला कचेरीत उशीर झाला. मायलेकी स्वयंपाकाला लागल्या होत्या. लेक घरबसल्या लोकांचे कपडे उसवून, शिवून द्यायची. हात आईसारखेच चपळ. भाजी चिरता चिरता ती एकदम म्हणाली,

“आई, चाराच्या पाचावर तुम्ही बायका मान्य का करत नाही?”

फौजदारीणबाईंचा विळीवरचा हात थांबला. “चाराचे पाच? कचेरीत तर दहाचे अकरा म्हणाले.”

लेकीचा चेहरा पडला. आता झाकायचं म्हटलं तरी झाकण राहिलं नव्हतं, आणि मग सगळंच बाहेर आलं. मालकाने जावयाला सांगून ठेवलं होतं. दहाच्या अकरापासून सुरुवात कर, चाराच्या पाचापर्यंत जा, त्याच्या वर रतीभरही नाही. तेवढ्यात मिटवलंस तर जागा कायम. नाहीतर पुन्हा स्टोअरची खिडकी, आणि तीही मालकाची मर्जी असेल तर.

“हे त्यांनी मला सांगायला सांगितलं?”

“अगं नाही! त्यांना कळलं तर माझं तोंड बघणार नाहीत. मी आपली बोलून गेले.” लेकीने हात पुसले. “पण सांगितलंच आहे, तर ऐक ना. तू थोडी खाली ये, ते थोडे वर येतील. बायकांनाही काहीतरी मिळेल. कुणाचं काय बिघडतं त्यात?”

हेच तर खरं संकट होतं. कुणाचंच काही बिघडलेलं दिसलं नसतं. उद्या कचेरीत जायचं, टेबलावर दोनदा हात आपटायचा, दहाच्या अकरावरून त्याला चाराच्या पाचावर आणायचं. बायकांनी तिला डोक्यावर घेतलं असतं, चिमणीचं तोंड बंद झालं असतं, जावई कायम झाला असता. फक्त दर महिन्याला प्रत्येकीच्या पगारातला एक लचका जात राहिला असता, आणि तो कुणासाठी गेला हे एकट्या तिला ठाऊक असतं. बरं, दोनाच्या तीनावर अडून बसावं, तर ते आता पोटच्या पोरीच्या संसारावर जाणूनबुजून धोंडा घालण्यासारखं. ऐकलं नव्हतं तोवर ती खात्याच्या वतीने बोलत होती. आता तोंडातून निघणारा शब्द कुणाचा, हे तिचं तिलाच सांगता येईना.

तिने विळी धुऊन जागेवर ठेवली आणि फळीवरची पिशवी काढली.

“हे काय करतेस?”

“जाते. दर ठरेपर्यंत इथे नको.”

“आपलं भांडण झालं का?” लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं.

“नाही. म्हणूनच जाते. भांडण झालं असतं तर इथेच राहून भांडले असते.” तिने दोन कपडे पिशवीत कोंबले. “तू सांगितलंस ते कानावर पडलं. कान काही धुता येत नाहीत. या घरचं खाऊन मी तिकडे काय बोलणार आणि काय गिळणार?”

“त्यांना मी काय सांगू?”

“सांग, आईचं डोकं फिरलं. लगेच पटेल त्यांना.”

लेक हसली नाही. दार लावून घेतानाचा तिचा आवाज कोरडा होता. “जावयाचं घर सोडून सासू गेली, असं लोक म्हणतील.”

“म्हणू देत.”

शिवणखात्यातल्या कुणाही बाईने तिला ठेवून घेतलं असतं. ती चिमणीकडे गेली. चिमणीने दार उघडलं, आधी पिशवीकडे आणि मग तिच्याकडे पाहिलं.

“काय झालं? हाकललं की काय?”

“नाही. दर ठरेपर्यंत मला त्या घरचं अन्न नको. तुझ्याकडे जागा आहे?”

चिमणीच्या तोंडून चटकन काही निघालं नाही, असं बहुधा पहिल्यांदाच घडलं असावं. मग ती दारातून बाजूला झाली. “पलंग एकच आहे. आणि भिंतीकडे मी झोपते.”

तिने आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर फौजदारीणबाईंनी सांगितलं नसतं. ऐकलेलं बायकांना सांगणं म्हणजे लेकीला उघडं पाडणं, आणि लपवून त्याच्या आधाराने तडजोड करणं म्हणजे बायकांना फसवणं. दोन्ही टाळून जायला एकच वाट तिला दिसत होती, आणि तीही अरुंद.

चार-पाच दिवसांनी मॅनेजरने पुन्हा बोलावणं पाठवलं. तिने उलट निरोप दिला, बोलायचं तर खात्यात, सगळ्यांसमोर. तो खाली आला. डोळ्यांखाली काळं झालं होतं. मशीनांच्या रांगेतून येताना तिच्याजवळ क्षणभर थांबला आणि दबक्या आवाजात म्हणाला,

“घर सोडून गेलात. एक शब्द नाही, काही नाही. मी काय केलं होतं?”

“इथे घराचं नको,” ती म्हणाली. तिला स्वतःचा आवाज फार कठोर वाटला.

तो मागे सरला, त्याने घसा साफ केला आणि मोठ्याने बोलायला लागला. मालकांशी बोलून आपण बायकांसाठी जोर लावला आहे. सहाचे सात देऊ. बायकांत चुळबुळ झाली. “दोनाचे तीन,” फौजदारीणबाई म्हणाल्या. तो थांबला, खिशातून रुमाल काढला, परत ठेवला.

“शेवटचं सांगतो. चाराचे पाच.”

खात्यात एकदम कुजबुज उठली. एवढं मिळेल असं अनेकींना वाटलं नव्हतं. मागच्या रांगेतली एक म्हणाली, “बरं आहे की.” चिमणीचे डोळेसुद्धा चमकले. सगळ्या फौजदारीणबाईंकडे बघत होत्या. नुसती मान हलवायची होती. तिने शेजारच्या मशीनवर हात टेकला. जावई तिच्याकडे बघत होता, आणि त्या बघण्यात मॅनेजर अजिबात नव्हता. घे, एवढं घे आणि सोड मला, असं ते बघणं होतं.

“मॅनेजरसाहेब,” ती म्हणाली, “याच्यावर जायची मुभा तुम्हाला आहे का?”

त्याने रुमाल पुन्हा बाहेर काढला.

“असेल तर बोलू. नसेल तर तुम्हाला भरीला घालण्यात अर्थ नाही. ज्यांना मुभा आहे, त्यांना बोलवा.”

तिला कळलं आहे, आणि कुणाकडून कळलं आहे, हे त्याला त्याच क्षणी उमगलं. तो तिच्याकडे बघत राहिला. मग वळला आणि जिना चढून गेला. वर दार आपटल्याचा आवाज आला.

“अहो, मिळत होतं की!” मागच्या रांगेतली ओरडली. “हातातलं घालवलंत!”

“घालवलं असेल तर मी घालवलं,” फौजदारीणबाई म्हणाल्या. “मालकांना येऊ दे.”

मालक जेवणानंतर आले. आडव्या बांध्याचे, आवाजाने मऊ. दोन मशीनवर धंदा सुरू केला होता, पहिले तंबू स्वतःच्या हाताने शिवले होते, आणि हे ते प्रत्येक नव्या बाईला सांगत. ते बसले नाहीत. गठ्ठ्यांपाशी जाऊन कापडावरून हात फिरवला.

“हे इथं पडलंय, आणि तिकडे लोक वाट बघतायत,” ते म्हणाले. “मी काही परका नाही. हेच मशीन मीही चालवलंय. चाराचे पाच हा चांगला दर आहे. कोण नको म्हणतंय?”

ते रांगेतून चालत चिमणीपाशी थांबले.

“तुझे वडील आजारी आहेत ना गं? मला सगळं कळतं. असं कर. तू मशीन सुरू कर. बाकीच्या बघतील आणि करतील. तपासणीवर मला एक हुशार बाई हवीच आहे. बसून काम, बांधलेला पगार. उद्यापासून तू.”

चिमणीचा पाय पायडलवर होता. फौजदारीणबाईंना तो पाय दिसत होता, अंगठ्याची हालचालसुद्धा. बांधलेला पगार म्हणजे चिमणीच्या बापाची औषधं चुकणार नाहीत. तिला आवाज द्यावा असं फौजदारीणबाईंच्या ओठांवर आलं होतं. पण काय म्हणून द्यायचा? आपण तरी गेल्या आठवड्यात असंच एक पायडल दाबायच्या बेतात होतो. फौजदारीणबाईंनी आवाज दिला नाही.

चिमणीने खाली पाहिलं. मग मशीनवर टाकायचं फडकं उचललं आणि मशीन झाकलं.

“जाग्यावर बसूनच बरी आहे मी,” ती म्हणाली. “दोनाचे तीन द्या.”

मालकांचा मऊपणा तिथे संपला. ते वळले. मॅनेजर जिन्याच्या पायरीवर उभा होता.

“आता आलं माझ्या लक्षात. या तुमच्या सासूबाई ना? एकाच ताटात जेवता आणि इथे येऊन सवाल-जवाब करता! माझा आकडा यांना आधीच कळलेला दिसतोय. घरीच ठरलंय हे सगळं!”

फौजदारीणबाई एक पाऊल पुढे आल्या. यातलं अर्धं खोटं होतं, पण अर्धं खरं होतं, आणि ते अर्धं तिला नाकारता येत नव्हतं.

“कुठलं घर, साहेब?” चिमणी झाकलेल्या मशीनवरूनच म्हणाली. “ही बाई कधीची माझ्या पलंगावर झोपतेय. घरचं अन्न नको म्हणून पिशवी घेऊन आली. आणि अशी घोरते, की दोनाचे तीन मिळाले तर पहिल्या पगारात मी कापूस घेणार आहे, कानात घालायला.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसणं रांगेरांगेतून पसरलं, घाबरलेलं, न आवरणारं. मालकांनी जावयाकडे पाहिलं.

“खरं आहे?”

“खरं आहे. मला न सांगता गेल्या,” तो म्हणाला.

“बरं, मग तुम्हीच सांगा. मॅनेजर आहात. यांची मागणी रास्त आहे का?”

सगळ्यांसमोर त्याला नाही म्हणायला लावून विषय मिटवायचा, असा त्यांचा हिशेब असावा. तो पायरीवरून खाली उतरला. कानाकडे त्याचा हात गेला नाही.

“आधी सुया मीच द्यायचो, साहेब. खिडकीतून. जाड कापड आल्यापासून किती जातात ते मी पाहिलंय. जेवढ्या वेळात तीन व्हायचे तेवढ्यात दोन होतात. या जास्त काही मागत नाहीत. होतं तेवढंच राहू दे म्हणतायत.”

“तुम्ही कुणाचे?”

“तुम्ही विचारलंत, ते सांगितलं.”

मालकांनी गठ्ठ्यांकडे पाहिलं. दुसऱ्या कारखान्याचं नाव त्यांनी काढलं नाही. त्यावरून फौजदारीणबाईंनी ओळखलं, की दुसरा कारखाना नाहीच.

“तिनाचे चार,” अखेर ते म्हणाले. “सुया कारखान्याच्या. या ऑर्डरपुरतं. याच्या वर एक शब्द नाही.”

तिने बायकांकडे पाहिलं. मागच्या रांगेपासून पुढपर्यंत माना हलल्या. दोनाचे तीन नव्हते, पण सुयांची कापणी गेली तर बरंचसं भरून निघत होतं.

“तिनाचे चार चालतील,” ती म्हणाली. “पण ‘ऑर्डरपुरतं’ नाही. जाड कापड येईल तेव्हा तेव्हा.”

“बाई, तुम्ही ताणताय.”

“कापड पुढच्या वेळी हलकं होऊन येणार आहे का?”

मालकांनी हात झटकला. “घ्या. जाड कापडाला तिनाचे चार. आता मशीन सुरू करा.”

त्यांनी जाताना जावयाकडे पाहिलंसुद्धा नाही. मशीन एकामागून एक सुरू झाली. चिमणीने फडकं काढलं आणि दोरा ओवायला घेतला, पण तो सुईच्या नेढ्यात शिरेना. फौजदारीणबाईंनी तो ओवून दिला.

महिना संपायच्या आत जावई पुन्हा स्टोअरच्या खिडकीत आला. मॅनेजरच्या खुर्चीवर मालकांचा भाचा बसला. फौजदारीणबाई सुया घ्यायला खिडकीत जायच्या तेव्हा जावई पाकीट पुढे सरकवायचा. तिच्याशी कोरडं बोलायचा, पण बोलायचा. लेक मात्र आली नाही. दोनदा ती लेकीच्या दारापर्यंत जाऊन परत आली. शेवटी चिमणीच्या घरावरची खोली रिकामी झाली ती तिने भाड्याने घेतली. आता खालून चिमणीचं ओरडणं यायचं, की वर चालताना जरा पाय हळू टाका, फौजदारीणबाई, ही काही परेड नाही.

सुट्टीच्या एका सकाळी दार वाजलं. लेक होती. आत येऊन तिने खोलीभर नजर फिरवली, बसली नाही.

“तुझ्यामुळे त्यांची खुर्ची गेली,” ती म्हणाली.

“हो.”

“ते मला काही म्हणाले नाहीत. एका शब्दानेही नाही. त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.”

“तू काही वाईट मनाने सांगितलं नव्हतंस.”

“तू तेवढ्यावरच मान्य केलं असतंस तर?”

“तर आज मी तुझ्याकडे असते,” फौजदारीणबाई म्हणाल्या, “आणि खालच्या बाईच्या तोंडाकडे बघायची मला हिंमत झाली नसती.”

लेक खिडकीशी जाऊन उभी राहिली. रडत असावी, पण आईने उठून जवळ जायचं धाडस केलं नाही. चहा मात्र टाकला. कप हातात घेतल्यावर लेक शेवटी बसली, आणि कपाकडे बघत म्हणाली,

“स्टोअरच्या पगारात भागत नाही. तुमच्या खात्यात मशीन रिकामं आहे का?”

“दोन आहेत.”

“माझ्यासाठी बोलशील?”

फौजदारीणबाईंनी लेकीच्या हातांकडे पाहिलं. मऊ होते अजून. जाड कापड महिन्याभरात त्यांची काय दशा करेल, हे तिला दिसत होतं.

“मशीन दाखवीन. दुमड कशी घालायची, तोंड कसं बाजूला करायचं, तेही शिकवीन. पण पगाराचं तुझं तू बोल.”

“मला नाही येत बोलायला.”

“मलाही येत नव्हतं,” आई म्हणाली. “सोमवारी ये. लवकर ये, खिडकीशेजारी उजेड असतो.”

लेकीने मान हलवली नाही, पण चहा पूर्ण प्यायली आणि कप धुऊन पालथा घातला.